सगळ्यांना एकाच वेळी

परभणीला मला नोकरी लागली तेव्हा ताडकळसला आमच्या शेजारणीनं आईला विचारलं, "पोरगी काय काम करायली?"

आई म्हणाली, "कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली हाय."

"म्हंजे सायबाचे फोन घ्यायचे," शेजारीण म्हणाली. आईनं मान हलवली. तिलाही त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

आमची कंपनी सोयाबीनचं तेल काढायची. शहराबाहेर एमआयडीसीत कारखाना, आणि त्याच आवारात पुढच्या बाजूला दोन मजली ऑफिस. शेठनी तरुणपणी कारखाना उभा करताना भांडवलासाठी शेअर विक्रीला काढले होते आणि ते बरेचसे जिल्ह्यातल्याच लोकांनी घेतले होते. मास्तरांनी, डॉक्टरांनी, कोर्टातल्या कारकुनांनी, पोखर्णीकडच्या बागायतदारांनी. पुढं शेअर बाजारात नोंद झाली, मुंबई-सुरतेचे लोकही घ्यायला लागले. तरी परभणीत कुणाच्या लग्नाला गेलं की पंगतीत शेजारी आमचा एखादा भागधारक निघायचाच, आणि वरण वाढून होईपर्यंत तो विचारायचा, "यंदा डिव्हिडंड हाय का न्हाई?"

अशा कंपनीत काही मोठं घडलं की ते बाजाराला लेखी कळवावं लागतं. नफा झाला, तोटा झाला, संचालकानं राजीनामा दिला, मशीन बंद पडली, काहीही असो. कळवायचं तेही ठरलेल्या मुदतीत, आणि सगळ्यांना एकाच वेळी. कायद्याच्या मराठीत त्याला प्रकटीकरण म्हणतात. आम्ही ऑफिसात नुसतं 'कळवणं' म्हणायचो. ते कागद तयार करणं हे आमचं काम. आमचं म्हणजे मॅडमचं. मी त्यांची मदतनीस.

मॅडम कंपनीच्या सेक्रेटरी होत्या. वय पन्नाशीच्या पुढं, इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांचे वडील परभणीच्या कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडणारे कारकून, होते. उर्दूतले जुने कागद वाचून दाखवायला लोक त्यांच्याकडे यायचे, असं त्या सांगायच्या. मॅडमनी हैदराबादला मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली आणि आईचं दुखणं निघालं तेव्हा परत आल्या. एवढ्या हुशार बाई आमच्या तेलाच्या कारखान्यात कशा, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात पडला होता. नंतर पडेनासा झाला, कारण त्या कारखान्याला स्वतःपेक्षा लहान समजतच नव्हत्या.

त्यांची एक पद्धत होती. कागद तयार झाला की तो मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. मी इंग्रजी वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या.

"थांब. हे वाक्य परत वाच."

मी परत वाचायचे.

"यात कुणी काय केलं ते सांग मला. मराठीत सांग."

मी अडखळले की त्या म्हणायच्या, "तुला सांगता येत नाही म्हणजे आपण लिहिलेलं नाही. नुसते शब्द ठेवलेत."

एकदा त्यांनी मला विचारलं, "हा कागद कोण वाचणार?"

"स्टॉक एक्स्चेंज," मी म्हणाले.

"एक्स्चेंज वाचत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावतात तसं लावतं. वाचणारा कुठंतरी दुसरीकडे बसलाय. त्याला तू कधी भेटणार नाहीस, आणि त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवून पैसे लावलेत. त्याच्याकडे तोंड करून लिही."

मी ते ऐकलं, पण बाईंचं एक बोलणं म्हणून ऐकलं. त्याचा अर्थ मला कळला तो आगीच्या दिवशी.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी सकाळी गाडीवरून एमआयडीसीच्या वळणावर आले तर कारखान्यावर काळा धूर. गेटजवळ महानगरपालिकेचे बंब उभे, माणसांची गर्दी. तेल ज्या विभागात काढतात तिथं पहाटे आग लागली होती. दोघा कामगारांचे हात भाजले होते, त्यांना दवाखान्यात नेलं होतं. बाकी सगळे सुखरूप बाहेर आले होते. आग आटोक्यात आली होती, पण पत्रे वाकून खाली आले होते आणि सगळीकडे जळक्या पेंडीचा वास भरून राहिला होता.

मॅडम माझ्या आधीच आल्या होत्या. मला वाटलं, आता वर जाऊन संगणकासमोर बसायचं. त्या म्हणाल्या, "चल, आधी बघून येऊ."

"मॅडम, तिथं जाऊ देतील का?"

"बघितल्याशिवाय लिहू कसं?"

बंबवाल्यांनी आम्हाला दोरीपाशी अडवलं. तिथूनच मॅडमनी खूप वेळ बघितलं. साडीचा काठ फेसाच्या पाण्यात भिजला होता, त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी कारखान्याच्या मॅनेजरला गाठलं. तो माणूस पहाटेपासून धावत होता. चेहऱ्यावर काजळी.

"पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील?" मॅडमनी विचारलं.

"लय झालं तर पंधरा दिवस."

"हे तुम्ही आत जाऊन बघून सांगताय?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "आत कुणाला जाऊ द्यायलेत? मॅडम, मी आपलं अंदाजानं सांगितलं. खरं इचाराल तर न्हाई सांगता येत."

"बरं झालं सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "आधी तोंड धुऊन चहा घ्या."

वर ऑफिसात धाकटे शेठ बसले होते. शेठचा मुलगा, कंपनीचा कार्यकारी संचालक, पुण्याला शिकून आलेला. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्यानं मुंबईच्या कुणा सल्लागाराकडून फोनवर मजकूर घेतला होता आणि तो तयार होता. त्यात लिहिलं होतं की कारखान्याच्या एका भागात तांत्रिक कारणानं उत्पादनात तात्पुरता व्यत्यय आला आहे आणि कामकाज लवकरच पूर्ववत होणं अपेक्षित आहे.

मॅडमनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"यात आग कुठंय?"

"मॅडम, आग हा शब्द आला की शेअर कोसळेल."

"आग लागलीय ना? गेटवर उभ्या असलेल्या माणसाला दिसतेय. सुरतेत बसलेल्याला दिसत नाही, एवढाच फरक आहे. त्याला दिसावी म्हणून तर हा कागद."

"आणि लवकरच सुरू होईल, एवढं तरी राहू द्या."

"कधी सुरू होईल ते आपल्याला ठाऊक नाही."

"मग काय लिहायचं? आम्हाला ठाऊक नाही असं? कुठली कंपनी असं लिहिते?"

"आपली," मॅडम म्हणाल्या.

धाकटे शेठ उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "कंपनीचं भलं कळणारा सेक्रेटरी आम्हाला दुसरा नेमता येईल, मॅडम."

"नेमा की," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त माझा राजीनामाही बाजाराला कळवावा लागतो. कारणासकट."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मोठे शेठ बसले होते. सत्तरी गाठलेला, धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. एवढा वेळ ते हातातल्या काठीकडे बघत होते. त्या वाक्यावर त्यांना हसू आलं. त्या सकाळी मी हसताना बघितलेला तो एकच माणूस.

"लिवा मॅडम," ते म्हणाले. "दिसलं ते लिवा."

मॅडमनी लिहायला घेतलं. सगळा मिळून एका पानाचा मजकूर. कुठं आग लागली, कधी लागली, कोण जखमी झालं, विमा आहे का, उत्पादन बंद आहे. शेवटचं वाक्य असं होतं की उत्पादन पुन्हा कधी सुरू होईल याचा अंदाज आज देता येत नाही. तो आला की कळवू. मी मोठ्यानं वाचला. कुठंही थांबावं लागलं नाही.

तेवढ्यात मोठ्या शेठचा फोन वाजला. चारठाण्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता. त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. चारठाण्याला त्यांची मोठी शेती, वाडवडिलांचं घर जुन्या देवळाच्या मागं. नवरा वारल्यावर त्यांनी शेती स्वतः केली. कारखाना उभा राहिला तेव्हा भावाच्या शब्दावर त्यांनी शेअर घेतले होते आणि एकही कधी विकला नव्हता. शेठ जरा कमी ऐकायचे, त्यामुळे फोनचा आवाज मोठा असायचा. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, धूर निघायलाय म्हणत्यात कारखान्यातून. खरं हाय का?"

शेठनी मॅडमकडे बघितलं. आदल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या संचालकांना बसवून सांगितलं होतं की आतली बातमी बाजाराला कळायच्या आधी बाहेर कुणालाही सांगायची नाही, रक्ताच्या माणसालाही नाही. शेठनी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

"बाई, मी तुला मागून फोन करतो."

"मागून कशाला? एवढंच सांग, ठिवू का इकू? तू म्हणशील तसं."

शेठनी काठी गच्च धरली होती. मला वाटलं, आता सांगतील. सख्खी बहीण, एकटी बाई, आणि एका शब्दाचं काम. माझा भाऊ मला विचारत असता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

"मला इचारू नकू, बाई," ते म्हणाले. "कागद निघायलाय. समद्यांला कळंल तवाच तुला कळंल."

"मी काय समद्यांतली हाय का, दादा?"

शेठचे डोळे भरून आले. आवाज मात्र तसाच राहिला. "आज हायस," ते म्हणाले.

फोन तिकडून बंद झाला.

मॅडम उठल्या. त्यांनी शेठसमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मला म्हणाल्या, "जल्दी चल. आता एक मिनिट सुद्धा लावायचा नाही."

आवारातली वीज आगीमुळे तोडलेली होती. आम्ही मॅडमच्या गाडीत बसलो. माझ्या मांडीवर लॅपटॉप, इंटरनेट माझ्या मोबाइलवरून. मॅडमनी त्यांच्या डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली लॅपटॉपला लावली, मी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कागद चढवला. गोल फिरणारं चक्र बघत आम्ही दोघी घामानं डबडबून बसलो होतो. कागद गेल्याची पोच पडद्यावर आली. मॅडमनी लगेच शेठना फोन लावला. "गेला. आता लावा आत्याबाईंना."

शेठनी लावला. आत्याबाईंनी उचलला नाही.

धाकट्या शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. एका दिवसात जेवढा पडू देतात तेवढा शेअर त्या दिवशी पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणी नाही. ऑफिसात फोन थांबत नव्हते. परभणीतले भागधारक स्वतःच यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, ठाऊक न्हाई म्हणून कुणी लिवतं का?" मॅडम प्रत्येकाला चहा पाजायच्या आणि खिडकीतून तो काळा भाग दाखवायच्या. "तुम्हाला दिसतंय तेवढंच मलाही दिसतंय. जास्त कळलं की तुम्हाला आणि मुंबईवाल्याला एकाच वेळी सांगेन." काही जण चिडून जायचे. पण खोटं सांगितलं असं म्हणून कुणी गेलं नाही.

मॅनेजर म्हणाला होता ते पंधरा दिवस होऊन गेले, नंतर महिने गेले. नवी यंत्रं यायला वेळ लागला. प्रत्येक टप्प्याला आम्ही कागद पाठवला. पाया झाला, यंत्र आलं, तपासणी बाकी. एके दिवशी धाकटे शेठ स्वतः मॅडमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मुंबईहून एका मोठ्या गुंतवणूकदाराचा फोन होता. म्हणाला, तुमचे कागद वाचले, त्यावरून हिशोब मांडता येतो." मॅडम म्हणाल्या, "छान." एवढंच. मी त्यांच्या जागी असते तर आणखी चार वाक्यं ऐकवली असती.

आत्याबाई मात्र त्या राखीला आल्या नाहीत. शेठनी गाडी पाठवली होती, ती रिकामी परत आली.

त्या आल्या त्या वार्षिक सभेला. शहरातलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. व्यासपीठावर शेठ, धाकटे शेठ, मॅडम. मी खाली माईक घेऊन. प्रश्नांची वेळ आली तेव्हा बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीतून एक हात वर आला. निळं लुगडं, डोक्यावर पदर. मी माईक दिला. त्या उभ्या राहिल्या.

"मी अध्यक्षांची बहीण म्हणून बोलायले न्हाई," त्या म्हणाल्या. "भागधारक म्हणून इचारायले. कारखान्याला आग लागली तवा तुमी कागद काढला. समद्यांला एकदम कळावं म्हणून काढला म्हणं. मग त्यो विंग्रजीत का? मला त्यो शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यावा लागला. तवर सांज झाली. मुंबईवाल्याला सकाळी कळलं आन् चारठाण्याला सांजला. ह्ये एकदम कसं झालं?"

सगळं सभागृह शेठकडे बघत होतं. शेठनी मॅडमकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना नियम सांगता आला असता. बाजाराकडे कागद इंग्रजीत पाठवायची पद्धत आहे, हे उत्तर पुरेसं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं बरोबर आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. यापुढं बाजाराला कागद गेला की लगेच तोच मराठीत आपल्या संकेतस्थळावर लागेल, आणि ज्यांनी नंबर दिलाय त्यांच्या मोबाइलवर जाईल."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी माईक मला परत दिला आणि खाली बसल्या. जेवणाच्या वेळी त्या भावाच्या पानाशी आल्या नाहीत. पण निघताना मॅडमपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आधी मला दावा. मला कळलं तर समद्यांला कळंल."

म्हणून आम्ही चारठाण्याला गेलो. मी आगीचाच कागद मराठीत करून बघितला होता, नमुना म्हणून. आत्याबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली, दशम्या आणि दही वाढलं. मग चष्मा लावून वाचायला बसल्या. वाचताना ओठ हलत होते.

"प्रतिकूल परिणाम म्हंजे काय?"

"नुकसान," मी म्हणाले.

"मग तसं लिव की माय."

मी खोडून लिहिलं. मॅडम दशमी खात होत्या. इंग्रजीवर त्या माझ्याशी जे वर्षभर भांडल्या होत्या, तेच आता माझ्या मराठीवर होत होतं आणि त्यांना मजा येत होती. दुपार कलली तरी आमचं संपलं नव्हतं. एका ठिकाणी आत्याबाईंनी बोट ठेवलं. उत्पादन कधी सुरू होईल याचा अंदाज आज देता येत नाही, हे ते वाक्य.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

आत्याबाईंनी कागद खाली ठेवला. "ह्ये वाक्य शेजारच्या पोरीनं वाचलं तवा मी शेअर इकायचे ठरवले व्हते. मग वाटलं, ठाऊक न्हाई ते ठाऊक न्हाई असं ज्याला म्हणता येतं, त्याचं बाकीचं खरं असंल. ठिवले."

"शेठवर राग आहे अजून?" मॅडमनी विचारलं. असा प्रश्न त्या कुणाला कधी विचारत नसत.

"हाय ना. राग कुठं जातो?" आत्याबाई म्हणाल्या. "फोनवर काळीज तोडलं त्यानं माझं. पण त्यानं सांगितलं असतं आन् मी इकले असते, तर घेणारा बी कुणाचा तरी भाऊच असता की. लय दिवस इचार केला मी त्याचा." मग त्यांनी आतून डबा आणला. त्यात दशम्या होत्या. "दादाला द्या. मी दिल्या म्हणून सांगा."

दशम्या शेठनी केबिनमध्ये एकट्यानं खाल्ल्या. त्या दिवाळीत आत्याबाई परभणीला आल्या, भाऊबीज झाली. मोकळं बोलणं सुरू व्हायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं, असं शेठनीच मला नंतर सांगितलं.

मराठीत निघालेला आमचा पहिला कागद कारखाना सुरू झाल्याचा होता. नव्या सोयाबीनच्या हंगामात सुरू झाला. शेअर हळूहळू वर आला, पण आगीच्या आधीच्या भावाला पोचायला बराच काळ लागला. ते मी लपवत नाही, कारण मॅडमनी ते मला लपवू दिलं नसतं.

पुढं मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आता मी आहे. कागदांवर सही माझी असते. मराठी कागद मी स्वतः करते आणि पाठवण्याआधी मोठ्यानं वाचते. ऑफिसातली नवीन मुलं हसतात. हसू देत.

मॅडम वसमत रोडला राहतात, बागेत मेथी लावतात, आणि कंपनीचा प्रत्येक कागद आजही वाचतात. मागच्या तिमाहीत त्यांचा फोन आला. हालहवाल काही नाही, सरळ मुद्द्यावर.

"मागणी वाढणं अपेक्षित आहे असं लिहिलंयस. कुणाला अपेक्षित आहे?"

मी जरा विचार करून सांगितलं, "विक्री विभागाला."

"मग तसं लिहायचं," त्या म्हणाल्या, आणि मेथी न्यायला कधी येतेस ते विचारलं.